एक सोडून बाकी सगळी

रविवारी सकाळी उद्यानाच्या कडेला
म्हातारे पुरुष घडीच्या टेबलांवर
आपापलं लहानपण मांडून बसतात,
नगाला भाव लावून.
बायकांत मी एकटीच. चष्मा दोऱ्याने गळ्यात.

"कुठलं हवंय, नेलिदा?" बाल्दोमेरो विचारतो
आणि थांबत नाही.
"एकशे सत्तेचाळीस असेल तर विसर.
ते छापलंच नव्हतं म्हणतात."
"ते सोडून बाकी सगळी," मी म्हणते.
तो हसतो. त्याला वाटतं, मी गंमत करतेय.

अडुसष्टचा संच. एकशे साठ खेळाडू,
बिस्किटाएवढे गोल, पुठ्ठ्याचे,
एका पुडीत पाच.
अल्बम भरला की चामड्याचा फुटबॉल,
केव्होर्कच्या दुकानात जाळीत घालून टांगलेला,
हॅमच्या शेजारी.

आमच्या गल्लीतली पोरं भिंतीशी खेळायची.
चित्र फेकायचं,
भिंतीला चिकटून पडेल त्याचा सगळा डाव.
मुलींना घ्यायचे नाहीत.
मी पायरीवर बसून एल्विओचा हिशोब ठेवायची,
वहीत, रेघा मारून:
मिळाली इतकी, हरली इतकी, दुबार इतकी.
ऑगस्टपर्यंत त्याची एकशे एकोणसाठ झाली.

त्याच आठवड्यात आईने व्हिनेगर आणायला धाडलं.
केव्होर्ककडे सुटे नव्हते,
त्याने उरलेल्या पैशांची एक पुडी हातावर ठेवली.
मी ती कोपऱ्यावर, न्हाव्याच्या दाराशी फोडली.
चौथं चित्र: आनिबाल रोस्किन, गोलकीपर,
हवेत आडवा, दोन्ही हात लांब.
चेंडू चित्राच्या बाहेर कुठेतरी.

घरी आले. व्हिनेगर दिलं.
रोस्किनला शिवणयंत्राच्या खणात,
बॉबिनच्या डबीत ठेवला.

का, तर सकाळी एल्विओ म्हणाला होता,
"तुला काय कळतंय त्यातलं."
बस्स. कारण एवढंसंच.
उद्या देईन म्हटलं. मग परवा.
मग द्यायला उशीर झाला होता,
आणि उशीर का झाला तेही सांगावं लागलं असतं.
सावकाराचं व्याज कसं, झोपेतही चढतं.

वसंत आला. केव्होर्कने फुटबॉल उतरवला.
एल्विओने अल्बम अंगणात जाळला,
पानं फाडून, एकेक संघ.
डिंकाचा वास दोन दिवस दोरीवरच्या कपड्यांना होता.
मी पुन्हा धुतले.

टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले
त्या महिन्यापासून मी इथे येतेय.
सगळ्यांनी दुर्मीळ ते जपलं.
साधे बचावपटू, दर पुडीत निघणारे,
सायकलच्या आऱ्यांत फडफडून गेले,
डुगडुगत्या टेबलांच्या पायाखाली गेले.
आता तेच मिळत नाहीत.
क्रमांक ऐंशीसाठी मी चार वर्षं घालवली.
त्याला मिशीही नीट नाही.

आता एकच राहिलाय. बारावा.

परवा एल्विओला फोन केला, कोमोदोरोला.
तिकडचा वारा त्याच्याआधी बोलतो.
गुडघा, भाचीचं लग्न, पेन्शन,
आणि मग मी सहज विचारावं तसं:
"बारा नंबर कोण होता रे?"
क्षणभर नुसता वारा.
"मोठ्या कानांचा. उजवा बचावपटू.
नऊ होते माझ्याकडे तसले.
तुझ्या पलंगाखाली लावले होते ना,
एक पाय आखूड होता त्याचा."

तो पलंग बहात्तर साली
मावशीच्या घरी गेला. मावशीही गेली.
"तू कशाला विचारतेस?"
"असंच," मी म्हणाले.

मावशीच्या सुनेचा नंबर शोधला आहे.
अजून लावलेला नाही.
कपाटात, हिवाळी कोटांच्या खाली,
चामड्याचा एक फुटबॉल आणून ठेवलाय.
महिन्याभरात तो थोडा मऊ पडतो.
मग मी दार लावून घेते
आणि पंपाने हवा भरते.